रोहिदासाला कोणतं सर्टिफिकेट?

राजकोटमधला एक शाळकरी मुलगा वडिलांची परवानगी काढून नाटक बघायला गेला. नाटक होतं हरिश्चंद्राचं. ते त्याच्या इतकं मनात बसलं की पुढे कित्येकदा त्याने ते मनातल्या मनात करून पाहिलं. ही गोष्ट खरीच घडली, असं त्याला वाटायचं आणि आठवली की रडू यायचं. हा मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. आत्मकथेत त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवलंय.

आता त्या गोष्टीत काय आहे ते बघा. राजा राज्य दान करतो. दक्षिणा भागवायला बायको आणि मुलाला विकतो, मग स्वतःलाही विकून स्मशानात चाकरी करतो. मुलगा मरतो. आई त्याला उचलून त्याच स्मशानात आणते, तर तिचा नवराच तिच्याकडे अंत्यसंस्काराचे पैसे मागतो. शेवटी तिचंच मुंडकं उडवायला त्याला शस्त्र उचलावं लागतं. देव धावून येतात हे खरं, पण अगदी शेवटी. माणसांची विक्री, मुलाचा मृत्यू, स्मशान, बायकोवर उगारलेलं शस्त्र. ही यादी आजच्या सेन्सॉरच्या टेबलावर ठेवली तर ‘यूए १३+’च्या खाली काही मिळायचं नाही, असा माझा अंदाज.

दादासाहेब फाळक्यांनी नेमकी हीच गोष्ट निवडली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. रोहिदासाचं काम त्यांच्या मुलाने, भालचंद्रने केलं होतं. चित्रीकरण चालू असताना तो पडला, डोक्याला लागून बेशुद्ध झाला आणि पुढचा प्रसंग रोहिदास निपचित पडल्याचाच असल्यामुळे फाळक्यांनी तो तसाच उरकून घेतला, असं सांगतात. आज कुणी असं केलं तर पोलीस दारात येतील.

मुलं तो सिनेमा बघायला गेली असतीलच. त्यांचं वय विचारायला दारात कुणी उभं नव्हतं, कारण तसा कायदाच नव्हता. ‘हे पोरांनी बघावं की नाही?’ हा प्रश्न आपल्या कायद्यात शिरला कधी, आणि शिरल्यावर तो खरोखर पोरांबद्दलच विचारला गेला का, याचा माग मी गेले काही महिने काढतेय.

पहिला सिनेमा-कायदा १९१८चा. १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगूनला सेन्सॉर बोर्डं सुरू झाली. मुंबईच्या बोर्डाचा प्रमुख शहराचा पोलीस कमिशनर होता, यावरूनच सरकारला काळजी कशाची होती ते कळतं. सर्टिफिकेट एकाच प्रकारचं असे. सिनेमा एकतर सगळ्यांसाठी पास, नाहीतर कुणालाच नाही. सहा वर्षांचं पोर आणि साठ वर्षांचा आजोबा कायद्याला सारखेच.

त्या काळातली आपल्याकडची जोडी बघण्यासारखी आहे. कृ. प्र. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली आलं. त्यातल्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. मग १९२० साली बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ आला. गोष्ट तीच, भीमाने कीचकाला मारल्याची. पण पडद्यावर तो वध इतका अंगावर येणारा झाला की तो प्रसंग कापावा लागला. एका कीचकावर राजकारणामुळे गदा आली, दुसऱ्यावर रक्तामुळे. दोन्ही वेळा लहान मुलांचा मुद्दा कुठेच नव्हता.

किंवा असं म्हणू या की इंग्रज सरकारच्या लेखी सगळा हिंदुस्थानी प्रेक्षकच अल्पवयीन होता. हॉलिवूडच्या सिनेमातल्या तोकड्या कपड्यांतल्या गोऱ्या बायका बघून ‘नेटिवां’च्या मनातली साहेबाची पत उतरेल, ही त्यांची मोठी चिंता होती. १९२७ साली टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समिती देशभर फिरली, ३५३ जणांच्या साक्षी घेतल्या. फाळक्यांनीही साक्ष दिली. गांधीजींकडे प्रश्नावली गेली तेव्हा त्यांनी कळवलं की आपण कधी सिनेमाला गेलेलोच नाही, पण त्याने केलेलं नुकसान तर बाहेरूनही दिसतंय. हरिश्चंद्राच्या नाटकाने घडलेला हा माणूस. त्याच हरिश्चंद्राने या देशात सिनेमाची सुरुवात झाली, याची त्या उत्तराला काही पडलेली नव्हती. मला यात गांधीजींची टिंगल करायची नाही. मोठ्यांना स्वतःच्या लहानपणीचा खेळ संस्कार वाटतो आणि पुढच्या पिढीचा खेळ व्यसन वाटतो, हे तेव्हाही होतं एवढंच. आज आपण रील्सबद्दल काय बोलतो ते आठवा.

वयाची रेघ पहिल्यांदा ओढली ती स्वातंत्र्यानंतर. १९४९च्या दुरुस्तीने दोन अक्षरं आणली. ‘यू’ म्हणजे सगळ्यांसाठी, ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी. १९५१ साली देशभरासाठी एकच बोर्ड झालं आणि १९५२ साली नवा कायदा आला. त्यात प्रौढ म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती. मधे काही नाही. सतरा वर्षं अकरा महिन्यांचा कॉलेजकुमार आणि पाळण्यातलं बाळ एका रांगेत. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं. म्हणजे ‘ए’ सिनेमा आधी आणि मत नंतर, हाही एक गंमतीचा हिशेब.

पण रेघ ओढून चिंता मिटली नाही. १९५४ साली दिल्लीतल्या तेरा हजार स्त्रियांनी पंतप्रधान नेहरूंना अर्ज दिला, की सिनेमामुळे आमची मुलं बिघडताहेत, काहीतरी करा. पुढच्याच वर्षी नेहरूंच्या पुढाकाराने चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी निघाली. कल्पना साधी होती. मुलांना वाईटापासून अडवत बसण्यापेक्षा त्यांच्यासाठी चांगलं काहीतरी करू या. केदार शर्मांचा ‘जलदीप’ हा सोसायटीचा पहिला चित्रपट. तो परदेशात बक्षीसही घेऊन आला. पुढे सई परांजपे यांनी सोसायटीसाठी चित्रपट केले आणि दोनदा तिचं अध्यक्षपद सांभाळलं. पण हे सिनेमे शाळांच्या सभागृहात, महोत्सवात, बालदिनाच्या खेळात दिसले. शुक्रवारी थिएटरला लागून तिकीट काढून बघायचा सिनेमा अशी त्यांची ओळख कधी झालीच नाही. २०२२ साली सोसायटी एनएफडीसीत विलीन झाली. बातमी आली आणि गेली.

आपल्याकडे मुलांनी बघावा असा सिनेमा म्हटलं की अजून ‘श्यामची आई’च आठवते. १९५३चा चित्रपट, आचार्य अत्र्यांचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. त्यातही गरिबी आहे, अपमान आहे, आईचं मरण आहे. तो बघून रडलेली मुलं बिघडली, असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता या सगळ्या इतिहासातल्या माझ्या आवडत्या प्रकरणाकडे येते. भारतात सिनेमा प्रदर्शनापूर्वी तपासणं घटनेला धरून आहे का, यावर सर्वोच्च न्यायालयाचा जो मूळ निकाल आहे, तो एका छोट्या माहितीपटावरून लागला. ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतली श्रीमंती आणि तिच्या शेजारची गरिबी त्यांनी समोरासमोर ठेवली होती. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीचीही काही दृश्यं होती. बोर्डाने ‘ए’ दिलं. अब्बास म्हणाले, ‘यू’ हवं. त्यांच्या दृष्टीने हा सिनेमा तरुण मुलांनी बघण्यासारखाच होता. सरकार म्हणालं, ती दृश्यं कापा, मग ‘यू’ देतो. अब्बास कोर्टात गेले. तिथे खटला चालू असताना सरकारने न कापता ‘यू’ द्यायची तयारी दाखवली. दुसरा कुणी असता तर पेढे वाटून घरी गेला असता. अब्बासांनी अर्जात बदल करून सेन्सॉरशिपलाच आव्हान दिलं.

१९७० साली निकाल लागला आणि ते हरले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी लिहिलं त्याचा मतितार्थ असा, की सिनेमा भावनांना इतर कलांपेक्षा खोल हात घालतो, कोवळ्या वयावर त्याचा परिणाम वेगळा होतो, म्हणून वयानुसार वर्गवारी आणि पूर्वतपासणी योग्य आहे. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. बलात्कार, रोग, अनैतिकता हे विषय आले म्हणून कात्री लावू नये, तो विषय हाताळलाय कसा हे बघावं. मला वाटतं, या शंभर वर्षांत मुलांच्या सिनेमाबद्दल सरकारदरबारी बोललं गेलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे. दुर्दैवाने त्यानंतरही आपल्याकडे मोजमाप झालं ते रक्त किती, शिव्या किती, कपडे किती याचंच.

पाचच वर्षांनी ‘शोले’ आला. ठाकूर गब्बरला पायाने तुडवून मारतो हा मूळ शेवट सेन्सॉरने बदलायला लावला आणि ऐन वेळी पोलीस येतात असं केलं गेलं. ते आणीबाणीचं साल होतं, माणसाने कायदा हातात घेणं सरकारला चालणार नव्हतं. इथेही भीती पोरांची नव्हती. पोरांचं म्हणाल तर गब्बर त्यांचा इतका लाडका झाला की ब्रिटानियाने ग्लुकोज बिस्किटांची जाहिरात अमजद खानला घेऊनच केली. हात तोडणारा डाकू आणि दुधात बुडवायचं बिस्कीट. मुलांनी गब्बरला कुठल्या कप्प्यात ठेवलं होतं, ते बिस्किटवाल्यांना बोर्डापेक्षा आधी कळलं.

१९८३ साली बोर्डाच्या नावातून ‘सेन्सॉर’ शब्द जाऊन ‘प्रमाणन’ आला आणि ‘यू’ व ‘ए’च्या मधे ‘यूए’ आलं. बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवा, असा त्याचा अर्थ. माझ्या पिढीने सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर येणारा तो कागद फार मन लावून वाचला, पण वेगळ्याच कारणासाठी. त्यावर रिळांची संख्या असायची. सोळा रिळं म्हटलं की थिएटरभर समाधानाचा आवाज यायचा, पैसे वसूल. डावीकडच्या कोपऱ्यात त्रिकोण दिसला की मागच्या रांगेतला कुणीतरी जाणकार सांगायचा, कापलाय. अक्षर कोणतं आहे याकडे घरच्यांचंही लक्ष नसायचं.

अक्षराला खरी किंमत आली ती टीव्हीमुळे. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आदेश दिला आणि मग केबलचे नियमही बदलले. ‘ए’ सिनेमा टीव्हीवर तसाच दाखवता येईना. निर्मात्याच्या हिशेबात टीव्हीचे हक्क ही मोठी रक्कम असते. तेव्हा ‘ए’ म्हणजे तोटा. मग काय, बोर्डाने न सांगताही निर्माते स्वतःच चार सेकंद इथून, दोन शिव्या तिथून काढायला लागले, पण मिळवायचं ‘यूए’च. मारधाड तीच, तिचा सूर तोच, फक्त फवारा थोडा कमी. अशाने ‘यूए’ ही एक भलीमोठी पिशवी झाली. तिच्यात कौटुंबिक विनोदी सिनेमाही आणि तासभर माणसं कापणारा नायकही. त्या अक्षरावरून आईबापांना कळायचं काय?

आणि दुसऱ्या बाजूला ‘ए’ कुणाला मिळत होतं बघा. शोनाली बोस यांच्या २००५च्या ‘अमू’ला. १९८४चं शीखविरोधी हत्याकांड घडलं तेव्हा जन्मलेल्या पिढीतली एक मुलगी आपल्या आईबापांचं काय झालं ते शोधते, अशी ती गोष्ट. जो इतिहास विसरलेला बरा, तो तरुणांना कशाला माहीत हवा, असं बोर्डाकडून ऐकायला मिळाल्याचं दिग्दर्शिकेने सांगितलं होतं. आनंद पटवर्धन यांच्या ‘फादर, सन अँड होली वॉर’च्या पहिल्या भागाला ‘यू’ आणि दुसऱ्याला ‘ए’ मिळालं. मग ‘ए’ आहे म्हणून दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००६ साली पटवर्धन जिंकले. त्यांच्याच ‘राम के नाम’ला भारत सरकारच्या बोर्डाचं ‘यू’ सर्टिफिकेट आहे. २०१९ साली यूट्यूबने तो वयाच्या बंधनात टाकला. म्हणजे सरकारने जे पोरासोरांनी बघायला हरकत नाही म्हटलं, ते बघायला लॉग-इन करून वय सिद्ध करा. इथे वयाचा संबंध किती आणि भीतीचा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत वरच्या ओळींत दिसतंच आहे.

मधे एक विनोदी प्रकरणही झालं. २०१६ साली हॉलिवूडचा ‘द जंगल बुक’ आला आणि बोर्डाने त्याला ‘यूए’ दिलं. थ्रीडीत प्राणी अंगावर येतात, मुलं घाबरतील, असं अध्यक्ष पहलाज निहलानी यांचं म्हणणं. मोगलीचं जंगल आपल्या मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. रविवारी सकाळी दूरदर्शनवर त्याला बघत मोठी झालेली पिढी तोवर आईबाप झाली होती. ती पोरांना घेऊन थिएटरात गेली आणि शेरखान आल्यावर पोरं खरोखर घाबरली. मग घरी येऊन शेरखान शेरखान खेळली. घाबरणं आणि इजा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही.

त्याच वर्षी श्याम बेनेगल समितीने ‘यूए’चे वयानुसार भाग पाडा आणि बोर्डाने कापाकापी सोडून वर्गवारीच करावी, असं सुचवलं. त्यातलं पहिलं घडायला सात वर्षं गेली. २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ असे तीन भाग आले. ओटीटीला २०२१च्या नियमांनी हीच आकडेमोड आधी लागू झाली होती.

पण या कायद्यातलं खरं वाक्य फारसं कुणी वाचत नाही. हे आकडे पालकांच्या विचारासाठी आहेत आणि पालक सोडून दुसऱ्या कुणी ते अमलात आणायचे नाहीत, असं त्यात लिहिलंय. म्हणजे ‘ए’च्या दारात थिएटरवाला तुम्हाला अडवू शकतो. (त्यालाही पोरं पुरून उरतात. ‘कबीर सिंग’च्या वेळी आधार कार्डाच्या फोटोत जन्मसाल बदलून आत शिरणाऱ्या मुलांच्या बातम्या आल्याच होत्या.) पण ‘यूए १६+’ला तुम्ही कडेवरचं बाळ घेऊन गेलात तरी तो काही म्हणू शकत नाही.

आणि तसंच झालं. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘छावा’ आला, ‘यूए १६+’ घेऊन. महाराष्ट्रात घरंच्या घरं गेली. शेवटच्या भागात संभाजी महाराजांचे हाल पडद्यावर दिसतात, लांबवून, जवळून, पुन्हा पुन्हा. हुंदके देणाऱ्या, घोषणा देणाऱ्या लहान मुलांचे व्हिडिओ त्या आठवड्यात प्रत्येकाच्या फोनवर आले. माझा सात वर्षांचा भाचाही बघून आला. आम्ही त्याला रक्ताबद्दल विचारत होतो. त्याने विचारलं ते वेगळंच: “एवढे मित्र होते, तर सोडवायला कुणीच कसं नाही पोचलं?” दोन-तीन दिवस तो त्याच प्रश्नाला अडकला होता. ‘यूए १६+’ ठरवताना हा प्रश्न कुणाच्या यादीत असेल, असं मला वाटत नाही.

चौथीच्या पुस्तकात आम्हीही अफजलखानाचा वध वाचलाच. नऊ वर्षांच्या मुलाला त्यातला वाघनखांचा प्रसंग वर्ज्य नव्हता. पण पुस्तकातलं वाक्य दोन ओळींत संपतं. बाकीचं चित्र मूल आपल्या झेपेल तेवढंच रंगवतं आणि नको वाटलं की पान उलटतं. पडदा ते रंगवून देतो, वर आवाजही देतो, आणि पान उलटायची सोय ठेवत नाही. म्हणून गोष्ट तीच असली तरी सोसणं वेगळं. हरिश्चंद्राचं नाटक बघणाऱ्या मोहनदासला रंगमंचावरचा मुलगा उठून पडद्यामागे जाताना दिसला असेल. ‘छावा’त ती फट नाही.

मला कुणी विचारलं, नेऊ का मुलाला, तर मी आता आकडा सांगत नाही. तो प्रसंग मुलाकडून काय मागतोय, ते आधी स्वतः जाऊन बघा म्हणते. दुःख मागतोय, भीती मागतोय, की कुणाचा तरी राग करायला सांगतोय? आणि घरी आल्यावर त्याबद्दल बोलायला तुमच्याकडे वेळ आहे का? रागाचं म्हणाल तर ‘छावा’नंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोगलांचं सोनं शोधायला उतरलेले सगळे मतदार वयाचे होते. नागपुरातल्या दंगलीनंतर मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सिनेमाने भावना पेटल्याचा उल्लेख केला, तेही शाळकरी पोरांबद्दल नव्हतं.

थिएटरचं हे सगळं निदान दारापाशी घडतं. तिथे तिकीट आहे, सोबत कुणीतरी आहे, तीन तासांनी दिवे लागतात. फोनवर यातलं काहीच नाही. नियम सांगतो की ‘यूए १३+’ आणि त्यावरच्या मजकुराला ओटीटीने पालकांसाठी कुलूप द्यावं. दिलंय. आमच्या घरच्या टीव्हीला चार आकडी पिन आहे. तो टाकला भाच्याने, कारण ॲप चालू कसं करायचं ते घरात त्यालाच येत होतं. आजोबांना काही बघायचं असलं की ते त्याची शाळा सुटायची वाट बघतात.